दंडावरचा खंजीर

सुदानी पुरुष डाव्या दंडावर, कोपराच्या वर, चामडी कड्यात आखूड खंजीर अडकवत. जुन्या वस्तूंच्या बाजारात असा खंजीर निघाला की विक्रेता हमखास सांगतो, 'ओमदुरमानच्या लढाईतला, १८९८चा!' २ सप्टेंबर १८९८ रोजी किचनेरच्या तोफा आणि मशीनगनपुढे खलिफा अब्दुल्लाहीची दहा हजारांहून अधिक माणसे पडली. मेलेल्यांची शस्त्रे आठवण म्हणून इंग्लंडला गेली. लढाईचे नाव लागले की किंमत वाढते, दुसरे काय!

पण असे खंजीर त्याआधीही होत, नंतरही. पुढे तर पर्यटकांसाठीसुद्धा. साल सहसा कोरलेले नसते. मग आधी कडे पाहावे. रोज घातलेले कडे आतून घामाने काळे, गुळगुळीत होते. लाकडी मूठ झिजते, धार लावून लावून पाते अरुंद होते. विकण्यापुरत्याच केलेल्या खंजिराचे कडे आतून कोरेच राहते.

अर्थात झीज वापर सांगते, साल नव्हे. त्यासाठी जुनी चिठ्ठी किंवा संग्रहालयाची नोंदवही हवी. तीही आमच्या कचेरीतल्या आवक शिक्क्यासारखी. कागद कधी आला ते कळते, कधी लिहिला ते नाही. चिठ्ठीवर १८९९ असेल तर खंजीर त्यानंतरचा नाही, एवढेच म्हणता येते. आणि चिठ्ठीवर नाव असलेच तर ते नेणाऱ्या अधिकाऱ्याचे. ज्याच्या दंडावर तो होता त्याचे सहसा नसते.