मळ्यातले मास्तर



गावातला एखादा जाणता म्हातारा माळी गेला, की चार दिवस माणसे हळहळतात, दहाव्याला जमतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. त्याच्या जमिनीची वाटणी होते, सातबाऱ्यावर मुलांची नावे चढतात. पण लिंबोणीला पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा, कोणत्या आंब्याचा मोहर गळतो आणि तो का गळतो, हा हिशेब कुठल्याच दप्तरात चढलेला नसतो. तो त्याच्याबरोबर जातो. नांदेड-लातूरकडच्या प्रत्येक गावाने असा एखादा तात्या किंवा मामा पाहिलेला आहे, आणि गमावलेलाही आहे.

म्हणूनच आज एका गेलेल्या माणसाची आठवण करावीशी वाटते. बागेतले जाणतेपण जाणत्याबरोबर नाहीसे होऊ नये, म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली. त्यांचे नाव श्रीपाद अच्युत दाभोलकर. २००१ साली ते निवर्तले.

मौज अशी, की हे गृहस्थ शेतकी कॉलेजातले नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ते गणित शिकवीत. आता गणिताच्या मास्तरांचे बागेत काय काम, असे कोणी विचारील. पण काळ कसा होता ते पाहा. १९६५-६६ च्या सुमारास देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेतून गहू येत होता. नवे बियाणे, नवी खते येऊ लागली होती. शेतकऱ्याला जो तो काहीतरी सांगत होता. शेतकऱ्याला विचारणारे मात्र थोडे होते. दाभोलकरांनी नेमके हे विचारण्याचे काम हाती घेतले. त्यातून ‘प्रयोग परिवार’ उभा राहिला.

हा परिवार म्हणजे संस्था म्हणावी तर संस्था नव्हे. तिथे मोठेपणा पदाचा नव्हता, प्रयोगाचा होता. ज्याने आपल्या बागेत काही करून पाहिले, त्याने ते दुसऱ्याला सांगायचे. दुसऱ्याने ते आपल्या बागेत ताडून पाहायचे आणि चुकले तर तेही कळवायचे. पत्रे जात-येत. माणसे एकमेकांच्या बागा पाहायला जात. पुस्तकातले शास्त्र मास्तर सोप्या मराठीत उलगडून सांगत, आणि बागेत जे पुस्तकाशी जुळत नसे, ते शेतकरी मास्तरांना दाखवीत. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे पुष्कळदा सांगता येत नसे.

ह्याचा मोठा पडताळा द्राक्षात आला. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीतल्या बागांतून ‘अनाब-ए-शाही’ हे द्राक्षाचे वाण पुढे आले होते. नंतर बिनबियांचे थॉमसन आले आणि सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडे त्याच्या बागा उठल्या. पण वेल हिरवागार, पसारा मोठा आणि घड मात्र तुरळक, असे कित्येकांचे होई. शेतकरी खत वाढवी, पाणी वाढवी, तरी घड येत ना.

ह्याचे कारण पाहण्याजोगे आहे. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. घड दिसतो तो दुसऱ्या छाटणीनंतर, म्हणून वाटते की तो तेव्हाच तयार होत असेल. खरे पाहता खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, भर उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्यात तो बसलेला असतो. त्या दिवसांत पानांवर ऊन पडले तर डोळ्यात घड; पाने एकमेकांच्या सावलीत गेली तर डोळ्यात नुसती पालवी. म्हणजे ऑक्टोबरचा जाब मे महिन्याला विचारायला हवा! ऊन हे पिकाचे भांडवल आणि पान ही त्याची चूल, हे दाभोलकरांच्या विचाराचे मूळ होते. पाने मोजा, काडीची जाडी पाहा, पांढरी मुळी चालते आहे की नाही ते माती उकरून बघा, असा हा अभ्यास. गणिताचा मास्तर इथे कामी आला.

अशा पाहण्यातून किती निघते, ते वाणांच्या नावांतच वाचा. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे ह्यांनी थॉमसनच्या वेलींतून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हे वाण काढले. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे ह्यांनी ‘सोनाका’ काढले. सोलापूरचा सो, नान्नजचा ना आणि काळ्यांचा का. दोघेही शेतकरी. केंद्र सरकारचे द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली निघाले. त्याच्या कितीतरी आधी हे पाहणे बांधावर सुरू झालेले होते.

पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. द्राक्षात पैसा आला तशी फवारणी वाढली, कर्ज वाढले. २०१० साली वाढ रोखणाऱ्या एका औषधाचा अंश सापडला, म्हणून आपली द्राक्षे युरोपात अडली. वेलीचा वाढण्याचा वेग पाने मोजून ओळखायचा, ही रीत मागे पडली आणि तो बाटलीतल्या औषधाने आवरायचा, ही सोय पुढे आली. रीत एकाने घालून दिली, तरी ती रोज पाळावी लागते, हेच खरे.

दाभोलकरांचा दुसरा विचार आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याला अधिक जवळचा आहे. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक. पाच माणसांच्या कुटुंबाने १० गुंठे, म्हणजे पाव एकर जमीन नीट हाताळली आणि रोज सुमारे १,००० लिटर पाणी जपून वापरले, तर त्याचे नीट चालावे, असा त्यांचा हिशेब होता. हे ऐकून कुणी हसेल. आमच्याकडे पाच एकरांत भागत नाही आणि तुम्ही पाव एकराचे सांगता!

तर चला, हिशेबच करू. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याची गाडी आली, ती सर्वांना आठवते. ती आली मिरजेहून, म्हणजे तासगावच्याच सांगली जिल्ह्यातून. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. आता गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. १० गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला, की चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडते. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या पाव एकरावर सुमारे ७ लाख लिटर पाणी पडते. पहिल्या गाडीने आणले त्याहून जास्त! रोजचे १,००० लिटर म्हणजे वर्षाचे ३ लाख ६५ हजार. सगळे पाणी धरता येत नाही हे खरे. काही वाहते, काही उडते, आणि पाऊसच दगा देतो ते साल वेगळे. पण पाणी गेले कुठे, हा प्रश्न आधी आपल्या बांधाला विचारता येतो. पालापाचोळा जाळायचा की मातीत मुरवून ती ओल धरण्याजोगी करायची, हा त्यापुढचा प्रश्न.

शिक्षक बंधूंनो, हा हिशेब सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. आपल्या लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर झाले, ते मुलांना उत्तरे चोख यावीत म्हणून घेतलेल्या मेहनतीमुळे. ती मेहनत मोलाचीच आहे. तिच्या जोडीला मुलांना नवा प्रश्न विचारता यावा, एवढे दाभोलकर मास्तरांकडून उसने घ्यायला काय हरकत आहे?

२०२४ साली लातूर जिल्ह्यातली पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर ह्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. गावांची नावे कागदावर चढली, ही आनंदाची गोष्ट. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चांगले झाड राखले, चांगले बी निवडून मडक्यात घातले, त्या आज्या-आजोबांची नावे मात्र त्या कागदावर नाहीत.

म्हणून एक विनंती. आपल्या गावात आज जो जाणता म्हातारा आहे, त्याच्याकडे ह्या आठवड्यात दोन मुले आणि एक वही पाठवा. आजोबा, हे झाड कधी लावले? कोणत्या साली फळ आले नाही, आणि का? बी कुठून आणले? तुमचे काय चुकले? एवढे चार प्रश्न पुरे. शेवटचा विसरू नका. त्याचे उत्तर सर्वांत उपयोगी पडते. उत्तरे लिहून ठेवा आणि शेजारच्या गावच्या शाळेला कळवा. प्रयोग परिवाराची सुरुवात ह्याहून फार निराळी नव्हती.