चिखलात फिरणारं एक चाक

भिवंडीहून वाड्याच्या दिशेनं निघालं की अंबाडीला रस्ता फुटतो. सरळ गेलं की वाडा, वळलं की वज्रेश्वरी आणि गणेशपुरी. पण जुलैत खरी परीक्षा डांबर सोडल्यावर सुरू होते. भातखाचरांच्या कडेनं आणि वीटभट्ट्यांकडे जाणारे कच्चे रस्ते तेव्हा घोटाभर चिखलात असतात. अशा ठिकाणी जुनी जीप रुतली की इंजिन ओरडत राहतं, मागचं एक चाक गरागरा फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. गाडीत ताकद असते, पण ती नेमकी नको त्या चाकाकडे जाते.

हा बिघाड नव्हे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनं 1820च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी केलेली युक्तीच तिथे काम करत असते. तिचं नाव डिफरन्शियल.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. बैलगाडीला याची अडचण नाही. तिची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात, कारण ओढण्याचं काम बैल करतात. मोटारीत मात्र आसानंच चाकं फिरवायची असतात. दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बांधली, तर वळताना टायर घासणार आणि आस पिळला जाणार. म्हणून मध्ये स्टार गिअर बसवले. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतात आणि वेग मात्र ज्याचा त्याला ठरवू देतात.

गोम या ‘सारखाच जोर’मध्ये आहे. एक चाक निसरड्या चिखलात असेल, तर त्याला फिरवायला जोर जवळजवळ लागतच नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नावापुरता जोर मिळतो. दुबळ्या चाकाची मर्यादा सगळ्या गाडीची मर्यादा होते.

गंमत म्हणजे यावरचा एक महत्त्वाचा उपाय चिखलातून नव्हे, शर्यतीच्या मैदानातून आला. 1930च्या दशकात फर्डिनांड पोर्श यांनी जर्मनीच्या ऑटो युनियनसाठी सोळा सिलिंडरची शर्यतीची गाडी रचली. तिची ताकद इतकी होती, की वळणातून बाहेर पडताना मागचं एक चाक जागच्या जागी फिरायचं. 1935 मध्ये पोर्श यांनी झेडएफ कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला. चाकांना स्वातंत्र्य द्यायचं, पण मर्यादेत. हेच लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. पुढे 1956 मध्ये अमेरिकेत पॅकार्डनं ते रोजच्या वापराच्या मोटारीत दिलं.

आपल्याकडे तोवर जीप येऊन पोचली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं विलीज कंपनीचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. युद्धासाठी जन्मलेली ही गाडी पोलीस, जंगलखातं, धरणांची कामं असं करत खेड्यापाड्यांत पोचली. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स आल्या आणि एसटी जिथे कमी पडायची तिथे माणसं त्यांना लटकून प्रवास करू लागली. या गाड्यांचं डिफरन्शियल बहुतेक साधंच असे. फोर-व्हील ड्राइव्ह असली, तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक निसरड्यावर सापडलं की संपलं. कित्येक गाड्या तर फक्त मागच्या चाकांवरच चालायच्या. अशा वेळी खरं लिमिटेड स्लिप म्हणजे उतरून धक्का मारणारे प्रवासी आणि चाकाखाली घातलेली पोती.

2015च्या थारमध्ये मागच्या आसाला आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल कंपनीकडूनच मिळू लागलं. दोन चाकांच्या वेगात फार फरक पडला की ते दोघांना एकत्र बांधतं. मग जुन्या जीपच्या मालकांच्या मनातही आशा जागली.

त्यांच्यापुढे वाटा तीन. आधीच प्लेटांचं लिमिटेड स्लिप असेल, तर ते उघडून नव्यानं भरायचं. त्यात घर्षणाच्या आणि पोलादी प्लेटा एकाआड एक असतात. घर्षणाच्या प्लेटा झिजल्या की पकड जाते. गाडी न्यूट्रलला ठेवून, एक चाक जमिनीवर आणि दुसरं जॅकवर उचलून, उचललेलं चाक फिरवायला किती जोर लागतो ते टॉर्क पान्यानं मोजलं की झीज कळते. दुसरी वाट म्हणजे जुना संच काढून लॉक होणारा नवा बसवणं. तिसरी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट: स्टार गिअर वेल्डिंग करून टाकणं. चिखलात ती कामाला येते. डांबरावर टायर खाते आणि एक दिवस आस तोडते.

पहिल्या दोन वाटांचा कस मात्र एकाच ठिकाणी लागतो. संच परत बसवताना क्राउन आणि पिनियन यांच्या दातांमधली फट केसाइतकी नेमकी लागते. मिस्त्री दातांना रंग लावतो, गिअर फिरवतो आणि उमटलेला ठसा पाहतो. ठसा दाताच्या टोकाला आला की शिम बदलायची, पुन्हा जोडायचं, पुन्हा पाहायचं. घाई केली तर महिनाभरात आस रडायला लागतो. प्लेटांच्या संचाला साधं नव्वद नंबरचं ऑईल पुरत नाही, त्यासाठीचं वेगळं मिश्रण घालावं लागतं. नाहीतर प्रत्येक वळणावर गाडी थरथरते.

आता डिफरन्शियलचा अख्खा संच बदलण्याकडे कल आहे, आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर मोटर, गिअर आणि डिफरन्शियल एकाच पेटीत येतात. पेटी बिघडली की पेटी बदला. वेळेच्या हिशेबात ते बरोबरही असेल. पण दातावरचा ठसा वाचणारी नजर कुठल्या पेटीत मिळत नाही. ती वीसपंचवीस वर्षं तेलात हात घालून येते, आणि शिकणारं पोरगं शेजारी उभं नसेल तर मिस्त्रीबरोबरच जाते. जुनी जीप दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ पैशांचा नाही. ज्या तालुक्यात अजूनही दर पावसाळ्यात कच्चे रस्ते वाहून जातात, तिथे गाडी उघडून परत नीट जोडता येणारा माणूस पाच किलोमीटरच्या आत असणं, ही चैन नाही, गरज आहे.