नेसरी परिसरातील आठवडी बाजार

नेसरी परिसरातील आठवडी बाजार हे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज, आजरा व चंदगड या तालुक्यांत आठवड्यातून एका ठरलेल्या वारी भरणारे खुले बाजार होत. धान्य, भाजीपाला, मिरची, गूळ, सुकी मासळी आणि हंगामी रानमेवा यांची येथे किरकोळ खरेदी-विक्री होते. घाटमाथा, कोकण आणि कर्नाटकाचा सीमाभाग येथे एकत्र येत असल्याने तिन्ही प्रदेशांतील खाद्यसंस्कृतीचा मेळ या बाजारांत दिसतो. स्थानिक वाणांची विक्री आजही मुख्यतः उत्पादक व ग्राहक यांच्या परस्पर ओळखीवर चालते, हे त्यांचे वैशिष्ट्य आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातील गाव गडहिंग्लज–चंदगड मार्गावर वसलेले आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा सहकारी नेसरीच्या खिंडीत धारातीर्थी पडले. त्यांचे स्मारक पाहण्यासाठी येथे पर्यटक येतात.

या भागात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पर्जन्यमान झपाट्याने घटते. सह्याद्रीलगतच्या आजरा व चंदगड तालुक्यांत भात, नाचणी, काजू व रताळी होतात, तर गडहिंग्लजच्या पूर्व भागात भुईमूग, ज्वारी व मिरची ही पिके घेतली जातात. थोड्या अंतरावर पीकपद्धती बदलत असल्याने एका पट्ट्यातील माल दुसऱ्या पट्ट्यात नेऊन विकण्याची गरज पूर्वापार आहे. आंबोली घाटातून सावंतवाडीकडे जाणाऱ्या मार्गाने कोकणातील नारळ, आमसूल व सुकी मासळी घाटमाथ्यावर येते.

इतिहास

मराठा काळात पेठेचा कारभार शेटे व महाजन हे वतनदार पाहत. व्यापारी व कारागीर यांच्यावर मोहतर्फा, तर मालाच्या वाहतुकीवर जकात आकारली जाई. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुळाचा घाऊक व्यापार तेथे केंद्रित झाला, तरी गावोगावचा किरकोळ व्यवहार आठवडी बाजारातच राहिला.

गडहिंग्लज हा कोल्हापूर संस्थानाचा भाग होता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत कोल्हापूर जिल्ह्याला जोडण्यात आला. प्रशासकीय सीमा बदलली, परंतु बेळगाव व संकेश्वर या पेठांशी असलेले व्यवहार चालू राहिले. त्यामुळे येथील बाजारांत मराठीबरोबर कन्नडही ऐकू येते.

स्वरूप

जवळपासच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरतात. कापड, भांडी, मसाले व सुकी मासळी विकणारे फिरते व्यापारी रोज नव्या गावी जातात आणि आठवड्याने पुन्हा त्याच जागी बसतात. शेतकरी, विशेषतः स्त्रिया, घरच्या गरजेहून अधिक असलेला माल थोड्या प्रमाणात आणतात. काही पेंड्या मेथी, दोन-चार पायल्या नाचणी किंवा टोपलीभर अंडी एवढाच अनेकींचा माल असतो. बाजारातून परतताना मुलांसाठी चुरमुरे, शेव, फुटाणे असा ‘बाजाराचा खाऊ’ नेण्याची पद्धत आहे.

प्रमुख खाद्यपदार्थ

तांदूळ: आजरा घनसाळ हा आखूड दाण्याचा सुवासिक तांदूळ असून त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सुधारित वाणांच्या तुलनेत याचे उत्पादन कमी येते, त्यामुळे भाव चढा असतो. इंद्रायणी हा सुधारित वाणही सुवासिक असल्याने केवळ वासावरून दोहोंतील फरक नवख्या ग्राहकाला ओळखता येतोच असे नाही.

मिरची: बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी संकेश्वरी मिरची तिखटपणासाठी, तर हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची गडद लाल रंगासाठी वापरतात. उन्हाळ्यात वर्षभराची ‘चटणी’, म्हणजे कांदा-लसूण मसाला, करताना दोन्ही एकत्र कुटल्या जातात. स्थानिक वाणाला ‘जवारी’ म्हणतात व संकरित वाणापेक्षा त्याला अधिक मागणी असते.

गूळ: कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना मळी काढण्यासाठी रानभेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत आहे. रंग फिकट करण्यासाठी काही वेळा रासायनिक पदार्थ वापरले जातात. त्यामुळे पिवळाधमक रंग हा शुद्धतेचा पुरावा ठरत नाही.

हंगामी माल: पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली व अळंबी येतात. हिवाळ्यात नवा तांदूळ, नवा गूळ व ओला हरभरा असतो. उन्हाळ्यात ओले काजूगर, करवंदे, जांभळे व फणस मिळतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी सुके बोंबील, सुकट, कांदा व कडधान्ये यांची बेगमी केली जाते.

मापे

जुन्या पद्धतीत धान्य वजनाने न देता आकारमानाने मोजून देत. एका पायलीत चार शेर, अधोलीत दोन शेर, तर एका शेरात दोन मापटी किंवा चार चिपटी असत. १९५६ च्या वजन-मापे कायद्यानंतर दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी पायली व शेर हे शब्द ग्रामीण बोलण्यात टिकून आहेत. पालेभाजी पेंडीवर आणि काही फळे व रानभाज्या ‘वाट्यावर’, म्हणजे लहान ढीग लावून, विकल्या जातात.

प्रशासन

गावातील बाजारावर शुल्क आकारण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने (१९५८) ग्रामपंचायतीला दिला आहे. अनेक ग्रामपंचायती या वसुलीचा वार्षिक ठेका लिलावाने देतात. घाऊक शेतमालाचा व्यापार १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली बाजार समित्यांमार्फत चालतो. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला या नियमनातून वगळण्यात आला. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाने शहरांत शेतकऱ्यांच्या थेट विक्रीसाठी संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केले.

विश्वासाचा व्यवहार आणि प्रवासी

आठवडी बाजारातील बहुतेक खाद्यमाल सुटा असतो. भौगोलिक मानांकनामुळे वाणाच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळते, पण पोत्यातून मापाने दिल्या जाणाऱ्या तांदळावर ते चिन्ह नसते. स्थानिक ग्राहकाला विक्रेत्याचे गाव, शेत व मागील वर्षीचा माल माहीत असतो, आणि फसवणूक झाल्यास पुढच्या आठवड्यात त्याच जागी जाब विचारता येतो. हीच येथील गुणवत्तेची प्रत्यक्ष हमी आहे. एकदाच येणाऱ्या प्रवाशाला ती मिळत नाही.

म्हणून प्रवाशाच्या दृष्टीने माल कोणत्या गावचा, कोणत्या वाणाचा आणि विक्रेता स्वतः पिकवणारा की फिरता व्यापारी, या चौकशीला महत्त्व येते. हंगामाबाहेर विकला जाणारा माल बहुधा बाहेरून आलेला असतो. ताजी भाजी व जास्त निवड सकाळी मिळते. बाजार उठण्याच्या वेळी भाव उतरतात. रानातील अळंबीत विषारी जातीही असल्याने ती ओळखीच्या माणसाकडूनच घेण्याचा प्रघात आहे.

सद्यस्थिती

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद करण्यात आले. टोपलीभर माल विकणाऱ्यांना बाजार समितीचा पर्याय व्यवहार्य नसल्याने या काळात त्यांची अडचण ठळकपणे समोर आली. रस्त्यालगत भरणाऱ्या बाजारांमुळे होणारी वाहतूक कोंडी, पावसाळ्यातील चिखल, स्वच्छतागृहांचा अभाव व प्लास्टिकचा कचरा हे ग्रामीण बाजारांचे नेहमीचे प्रश्न आहेत. कमी उत्पादनाचे पारंपरिक वाण थोड्या क्षेत्रावर घेणाऱ्या शेतकऱ्यांना थेट ग्राहक मिळवून देणारे ठिकाण म्हणून या बाजारांचे महत्त्व कायम आहे.

हेही पहा

नेसरीची लढाई
आजरा घनसाळ तांदूळ
कोल्हापुरी गूळ
भौगोलिक मानांकन
कृषी उत्पन्न बाजार समिती