चार बोटांचं माप

आमच्या सातपाटीच्या घरात माळ्याखालच्या फळीवर बांबूची एक चपटी पट्टी अजून आहे. रुंदी चार बोटं. आजा जाळं विणायला बसला की जाळ्याचं प्रत्येक भोक, म्हणजे आस, या पट्टीवर गुंडाळून मग गाठ मारायचा. हजारो गाठी बसून तिच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात. मी लहानपणी एकदा दोन बोटांची पट्टी कापून दिली होती. आज्याने ती चुलीत घातली. म्हणाला, "बाय, याने उद्याचं आजच खाऊन होईल."

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत आणि ओटीवर गोष्टी चालत. त्या गोष्टींत जाळी सुताची होती. ऐनाच्या सालीचा काढा करून त्यात ती बुडवायची, मग वाळवायची. तसं नाही केलं तर खाऱ्या पाण्याने कुजत. होडी शिडाची. सातपाटीच्या सुतारांनी बांधलेल्या होडीची घडण कोकण किनाऱ्यावर दूरवर 'सातपाटी होडी' म्हणूनच ओळखली जाई. पण वारा पडला की तीही जागच्या जागी. बर्फ नव्हता. धरलेलं पापलेट संध्याकाळपर्यंत विकलं नाही तर मिठात घालायचं. म्हणजे जाळं वाळेपर्यंत थांबा, वाऱ्यासाठी थांबा, आणि खपेल तेवढंच धरा. आजा हे सांगताना अभिमान दाखवायचा नाही. "आम्ही काय साधू होतो?" तो म्हणे. "हात पोचत नव्हता, म्हणून दर्या वाचला."

हात न पोचण्याचं दुसरं कारण सावकार. सुताला, लाकडाला, मिठाला उचल त्याची, आणि मासळीचा भावही तोच सांगणार. त्याच काळात, 'चले जाव' चळवळीत, 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांतले काशिनाथ हरी पागधरे सातपाटीचे. गोष्ट इथवर आली की ओटी गप्प व्हायची. त्याच पिढीने मग सावकाराच्या वहीतून नाव काढून घ्यायला मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. होडी नाखव्याची, संस्था सगळ्यांची. डिझेल, बर्फ, जाळी संस्थेकडून. मासळी संस्थेच्या काट्यावर. उचल वळती करून उरलेले पैसे सभासदाच्या खात्यावर.

या काट्याने एक शहाणपण शिकवलं. पापलेट नगावर नाही, वजनाच्या प्रतीवर मोजलं जाऊ लागलं. अर्ध्या किलोच्या पापलेटाला किलोमागे जो भाव, तो पाव किलोच्याला नाही. दोन लहान मिळून एक मोठा होत नाही, हे गणित आजीला शाळेत न जाता पाठ होतं.

पण गोष्टीचा पुढचा भाग आजा आवाज उतरवून सांगायचा. स्वातंत्र्यानंतर होड्यांवर इंजिनं बसली. मग नायलॉन आलं, ते कुजत नाही, वाळवावं लागत नाही. बर्फाचे कारखाने आले आणि चार-पाच दिवसांची फेरी जमू लागली. पूर्वी जे जे आम्हाला थांबवत होतं, ते एकेक करून गेलं. आणि ते घालवणारी बरीचशी संस्थाच होती. घरं पक्की झाली, पोरं शिकली, मीही त्याच पैशावर शिकले. ट्रॉलर आणि पर्ससीन यांना आम्ही नावं ठेवतो, ती खोटी नाहीत. पण दुसऱ्याच्या जाळ्यात पिल्लं गेली म्हणून आमच्याही जाळ्याचे आस बारीक होत गेले, हेही खोटं नाही.

म्हणून आता थांबायचं ते ठराव करून. सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची. जुनी माणसं नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नसत. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात येते. बंदी 15 मे ते 15 ऑगस्ट करा, ही मच्छीमारांची मागणी म्हणजे त्याच जुन्या पंचांगाची सरकारी भाषेतली नक्कल. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झालं, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांचं किमान आकारमान सरकारने ठरवलं. पापलेटासाठी 135 मिलिमीटर. मी बोटांनी मोजून पाहिलं. वीतभरही नाही. आजा असता तर हसला असता. पण शून्यापेक्षा बरं, असंही म्हणाला असता.

आता घरात कोणी जाळं विणत नाही. कारखान्यातून तयार गठ्ठे येतात. गेल्या पावसाळ्यात काकाने नवा गठ्ठा ओटीवर सोडला आणि कोणाला काही न बोलता फळीवरची पट्टी काढली. एका आसात ती घालून पाहिली. अडली. त्याने जरा जोर लावला, तरी अडली.

चुलतभाऊ म्हणाला, "सगळे हेच घेतात, बाबा."

काकाने गठ्ठा पुन्हा बांधला आणि दुकानात परत न्यायला टेम्पोवाल्याला फोन लावला. पट्टी मात्र फळीवर ठेवली नाही. खिशात घातली. संध्याकाळी संस्थेत सभा होती.