झुर्नाल दँ क्युरे द कांपान्य (चित्रपट)

'झुर्नाल दँ क्युरे द कांपान्य' (अर्थ : खेड्यातील एका धर्मगुरूची रोजनिशी) हा रोबेर ब्रेसाँ दिग्दर्शित फ्रेंच कृष्णधवल चित्रपट १९५१ साली प्रदर्शित झाला. जॉर्ज बेर्नानोस यांच्या १९३६ सालच्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारित आहे. साहित्यकृतीचे रूपांतर मूलनिष्ठ असणे म्हणजे नेमके काय, या चर्चेत या चित्रपटाचा दाखला हमखास दिला जातो.

कथानक

उत्तर फ्रान्समधील आंब्रिकूर या खेड्यात एक तरुण धर्मगुरू नव्याने रुजू होतो. पोटाच्या विकारामुळे त्याला पाव आणि साखर घातलेली वाइन एवढेच पचते. गावकरी मात्र त्याला मद्यपी ठरवतात. पुत्रवियोगाने ईश्वराकडे पाठ फिरवलेल्या काउंटेसशी त्याचा दीर्घ संवाद होतो. तिचे मन शांत होते, पण त्याच रात्री तिचा मृत्यू होतो. तिची मुलगी शांताल हा संवाद चोरून ऐकते आणि त्याचा विपर्यास करून सांगते. काउंटेसने लिहिलेले कृतज्ञतेचे पत्र धर्मगुरूच्या हाती असते. तरीही तो स्वतःच्या बचावासाठी ते पुढे करत नाही. पुढे लील शहरात त्याला पोटाचा कर्करोग असल्याचे निदान होते आणि धर्मसेवा सोडलेल्या एका जुन्या सहाध्यायाच्या घरी तो प्राण सोडतो.

रूपांतर

झाँ ओरांश यांनी या कादंबरीची पटकथा आधी लिहिली होती. ती बेर्नानोस यांनी नाकारली. १९४८ साली त्यांचे निधन झाले. ओरांश आणि पिएर बोस्त हे पटकथाकार जे चित्रित करता येणार नाही असे त्यांना वाटे, त्याच्या जागी 'समतुल्य' प्रसंग रचत. १९५४ साली फ्रांस्वा त्रुफो यांनी या पद्धतीवर कठोर लेख लिहिला आणि ब्रेसाँ यांचा चित्रपट त्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला.

ब्रेसाँ यांनी कादंबरीतील पुष्कळ भाग गाळला. जो ठेवला तो बहुधा मूळ शब्दांतच. पडद्यावर रोजनिशीचे पान दिसते, लेखणी चालते, निवेदन ऐकू येते आणि कित्येकदा तीच घटना लगेच दृश्यातही येते. ही द्विरुक्ती वरवर अनावश्यक भासते. वस्तुतः माणूस जगतो ते आणि लिहितो ते यांतील अंतर तिच्यामुळेच जाणवते. समीक्षक आंद्रे बाझँ यांनी एक मार्मिक विरोधाभास नोंदवला आहे : कादंबरी दृश्यप्रतिमांनी भरलेली आहे, तर चित्रपट तिच्याहून अधिक 'साहित्यिक' आहे. शेवटी मृत्यूचे दृश्य नाहीच. सहाध्यायाचे पत्र वाचले जात असताना पडद्यावर केवळ क्रुसाची आकृती उरते.

धर्मगुरूच्या भूमिकेतील क्लोद लेदू यांचा हा पहिलाच चित्रपट होता. त्यांचा चेहरा जवळजवळ निर्विकार असतो, आणि म्हणूनच त्यावरची वेदना लपत नाही. छायाचित्रण लेओन्स-आंरी ब्युरेल यांचे, तर संगीत झाँ-झाक ग्रुनेनवाल्ड यांचे आहे.

पुरस्कार आणि प्रभाव

चित्रपटाला लुई देल्युक पुरस्कार मिळाला. १९५१ च्या व्हेनिस महोत्सवात छायाचित्रणाचा पुरस्कारही त्याला लाभला. त्या वर्षीचा सुवर्णसिंह मात्र अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन'ला गेला. पॉल श्रेडर यांच्या 'फर्स्ट रिफॉर्म्ड' (२०१७) या चित्रपटातील रोजनिशी लिहिणारा आजारी धर्मोपदेशक याच धर्मगुरूची आठवण करून देतो.