थैली आणि मान

आमचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तिकडच्या गोष्टीकडे कान अजून वळतो. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. प्रत्येक संघाची थैली ५० लाख डॉलरांची. शिवाय घरच्या मानकरी खेळाडूला संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूहून १५ टक्के अधिक द्यावयाचे. मुंबईचा मानकरी सचिन तेंडुलकर. मुंबईने धोनीला १५ लाखांना घेतले असते, तर सचिनला सव्वासतरा लाख द्यावे लागते. दोघांतच सव्वाबत्तीस लाख सरते! चेन्नईला मानकरी नव्हता. धोनी तिकडे गेला. हैदराबादच्या लक्ष्मणने मात्र ते मानपद लिलावापूर्वीच सोडले. थैलीत सोबत्यांसाठी पैसा उरावा म्हणून. वर्गात मी हे शेकडेवारीचे गणित घालतो. सचिनचा आकडा मुले चटकन काढतात. लक्ष्मणने काय मिळवले, हे मात्र फळ्यावर मांडता येत नाही.