गोठलेल्या धबधब्यावरील बर्फारोहण : वितळणीनंतरची पाहणी

हिवाळ्यात गोठलेल्या धबधब्यांवर बर्फकुऱ्हाड आणि बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनच्या आधाराने चढण्याच्या साहसी क्रीडाप्रकारास बर्फारोहण म्हणतात. हिवाळ्याच्या अखेरीस ऊब वाढून बर्फ अंशतः वितळल्यावर, तो माणसाचा भार पेलेल किंवा नाही हे ठरवण्यासाठी केलेली पाहणी हा या क्रीडाप्रकाराचा अत्यावश्यक भाग होय.

पार्श्वभूमी

भारतात असे आरोहण प्रामुख्याने हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात आणि लडाखमध्ये होते. स्पितीतील काझा हे गाव ३,६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. महाराष्ट्रातील गिर्यारोहक सह्याद्रीच्या बेसॉल्ट कड्यांवर सराव करतात. बर्फावरील तंत्र शिकण्यासाठी त्यांना उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेसारख्या (स्थापना १९६५) हिमालयातील संस्थांत जावे लागते. कड्याचे स्वरूप वर्षानुवर्षे बहुतांशी तेच राहते. गोठलेला धबधबा मात्र दर हिवाळ्यात नव्याने घडतो आणि काही तासांतही बदलतो. त्यामुळे आदल्या दिवशीच्या अनुभवावर विसंबून राहता येत नाही.

वितळणीचे परिणाम

उन्हाने तापलेल्या खडकालगतचा बर्फ आधी सुटतो. बर्फ आणि खडक यांमध्ये पाणी वाहू लागले की त्यांची पकड नाहीशी होते. रात्री पुन्हा गोठल्यावर पृष्ठभाग टणक दिसतो. परंतु मागची पोकळी तशीच राहू शकते. तापमान एकाएकी घसरल्यास बर्फ आकुंचन पावून ठिसूळ होतो व त्यास तडे जातात. अधांतरी लोंबणारे बर्फस्तंभ अशा वेळी सर्वाधिक धोकादायक ठरतात.

पाहणीची अंगे

* तापमान : केवळ त्या सकाळचे नव्हे, तर मागील काही दिवस-रात्रींचे तापमान पाहतात.
* दिशा : उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख भिंतींवर ऊन अधिक पडते, त्या लवकर कमकुवत होतात.
* रंग : निळसर बर्फ सहसा घट्ट असतो. पांढरट बर्फात हवा अडकलेली असते. मासळी बाजारातील बर्फाच्या लादीचा मधला भाग याच कारणाने पांढरा दिसतो. करडा, पाणी झिरपणारा बर्फ टाळतात.
* आवाज : कुऱ्हाडीच्या घावाने पोकळ आवाज आल्यास बर्फ खडकापासून सुटला असण्याची शक्यता असते.
* आधार : दोरासाठी बर्फात फिरवून बसवायचे पोकळ स्क्रू साधारणतः १० ते २२ सेंटिमीटर लांब असतात. स्क्रूच्या नळीतून निघणारा बर्फाचा गाभा ओला वा भुसभुशीत असल्यास तो आधार अविश्वसनीय मानतात. घट्ट बसलेला स्क्रूही उन्हात तापून सैल होतो.
* वरचा उतार : धबधब्याच्या माथ्यावरील ओल्या बर्फातून हिमस्खलन होऊ शकते.

निर्णय

ही पाहणी पायथ्यापासून दूर, सुरक्षित जागेवरून सुरू करतात. कारण कोसळणारा बर्फ खाली उभ्या असलेल्यांचाही जीव घेऊ शकतो. एक लक्षण अनुकूल असले तरी दुसऱ्या गंभीर लक्षणाची भरपाई त्याने होत नाही. वितळणीनंतर सलग काही दिवस गोठणबिंदूखालील स्थिर थंडी पडेपर्यंत थांबणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग मानला जातो.